कॉइलचा हट्ट

कर्करोगाच्या संशोधनात सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचे नाव जगभरच्या डॉक्टरांना माहीत आहे, पण महाराष्ट्रात ते फार थोड्यांना ठाऊक असते. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली इथे सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या गावागावांतून रुग्णांच्या नोंदी ठेवल्या जाऊ लागल्या. पुढे १९९९ पासून शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक फार मोठा अभ्यास उभा राहिला. बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्यात एकत्र होत्या. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात सामील झाल्या. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ज्या गटाला एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच करण्याची संधी दिली, त्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. इतक्या मोठ्या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर खेड्यापाड्यांतल्या बायकांनी जगाला मिळवून दिले, याचा अभिमान या परिसराने बाळगावा.

या रोगावरच्या उपचारांत एक यंत्र वापरतात, आणि आपले प्रकरण तिथून सुरू होते. इरिडियम-१९२ या किरणोत्सारी धातूचा तांदळाच्या दाण्याहूनही बारीक तुकडा पोलादी तारेच्या टोकाला जोडलेला असतो. ती तार एका नळीतून शरीराच्या आत, थेट गाठीपर्यंत ढकलतात. मग तो तुकडा ठरलेल्या जागी ठरलेले सेकंद थांबतो, पाच किंवा अडीच मिलिमीटर सरकतो, पुन्हा थांबतो. शेवटी मागे ओढला जाऊन जाड धातूच्या तिजोरीत परततो. तो सरकत असताना खोलीत रुग्णाशिवाय कोणीही नसते. सरकवण्याचे काम करते स्टेपर मोटर, कारण ही मोटर सलग न फिरता एकेक पाऊल टाकते आणि किती पावले टाकायला सांगितली ते मोजता येते.

मोटरला पावले टाकायला सांगतो मायक्रोकंट्रोलर, पण त्याच्या अंगात मोटर हलवण्याइतके बळ नसते. दोघांच्या मधे ट्रान्झिस्टर असतात. त्यांच्या त्या छोट्या मंडळाला ड्रायव्हर म्हणतात. ड्रायव्हर शिकवताना ट्रान्झिस्टर 'चालू' कसा करायचा यावर सगळा भर दिला जातो. माझ्या मते अवघड काम उलट बाजूला आहे. मोटरच्या कॉइलमधला करंट सुरू करायला चार आण्यांचा ट्रान्झिस्टर पुरतो. तो करंट बंद करायचा म्हटले की खरे डिझाइन लागते.

आपण टेबलावर करता येईल असा एक नमुना समोर धरू: स्टेपर मोटरने इंजेक्शनची सिरिंज सावकाश दाबायची. रुग्णालयात ठरलेल्या वेगाने औषध सोडणारे सिरिंज पंप याच तत्त्वावर चालतात. आपला नमुना फक्त पाण्यावर चालवायचा; माणसाला जोडायच्या उपकरणाला ज्या कसोट्या लागतात त्या वेगळ्या आणि कठोर असतात, आणि तिथे हौसेला जागा नाही.

मोटर घेऊ २८ बीवायजे-४८. पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा घरबसल्या मागवून ती सहज मिळते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत तिच्याइतकी दुसरी स्टेपर मोटर क्वचितच दिसते. ५ व्होल्टची, पाच तारांची. आत चुंबकाचा रोटर आणि भोवती दोन गुंडाळ्या. प्रत्येक गुंडाळीच्या मध्यावरून एक तार काढलेली, म्हणजे वापरायला चार अर्ध्या कॉइल. मधल्या तारा एकत्र करून पाचवी, लाल तार बाहेर येते. ती ५ व्होल्टला जोडायची आणि उरलेल्या चार तारा क्रमाने जमिनीकडे, म्हणजे ग्राउंडकडे ओढायच्या. ज्या कॉइलमधून करंट जातो तिच्याकडे रोटर वळतो. पुढची चालू, मागची बंद. की एक पाऊल पडले.

रोटरची एक फेरी ३२ पावलांत होते आणि पुढे गिअर आहेत, साधारण ६४ ला एक. म्हणून बाहेरच्या दांड्याच्या एका फेरीला २०४८ पावले, असे सगळीकडे छापलेले असते. गिअरचे दात मोजून गुणोत्तर काढले की ते ६३.६८ भरते आणि पावले होतात सुमारे २०३८. फरक अर्ध्या टक्क्याचा. खेळण्यातल्या गाडीला तो चालेल. औषध मोजणाऱ्याने तो हिशेबात धरलाच पाहिजे. मोटरच्या बाहेरच्या दांड्याला एम-५ चा आटेदार रॉड लावला तर एका फेरीला सिरिंजचा दट्ट्या ०.८ मिलिमीटर सरकतो. १० मिलिलिटरच्या सिरिंजचा आतला व्यास साडेचौदा मिलिमीटर धरला, तर १ मिलिलिटर पाण्यासाठी दट्ट्या सहा मिलिमीटरच्या आसपास जावा लागतो. म्हणजे साडेसात फेऱ्या, साधारण साडेपंधरा हजार पावले. तासाला १ मिलिलिटर सोडायचे असेल तर सेकंदाला जेमतेम चार पावले. हा आकडा लक्षात ठेवू. इतका मंद वेग पुढे फार उपयोगी पडणार आहे.

आता करंट. या मोटरच्या एका अर्ध्या कॉइलचा रोध सुमारे ५० ओहम. ५ व्होल्टला १०० मिलिअँपिअर. आर्डुइनो उनोवर असतो तो एटीमेगा ३२८पी मायक्रोकंट्रोलर. त्याच्या एका पिनमधून ४० मिलिअँपिअरच्या वर करंट गेला तर चिप खराब होऊ शकते, आणि शहाणा माणूस २० च्या आत राहतो. साऱ्या चिपची मिळून मर्यादा २०० ची. म्हणजे सरळ पिनला कॉइल जोडणे हा प्रश्नच मिटला. पिनने फक्त इशारा द्यायचा, करंट दुसऱ्या वाटेने आणायचा.

दुसरी वाट म्हणजे एनपीएन ट्रान्झिस्टर. एमिटर ग्राउंडला, कलेक्टर कॉइलला, बेस पिनला, आणि बेसच्या वाटेत एक रेझिस्टर. विद्यार्थी हमखास बीसी ५४७ उचलतात कारण तो डब्यात पडलेलाच असतो. पण त्याची कलेक्टरची मर्यादाच १०० मिलिअँपिअर आहे, म्हणजे आपण कामाची सुरुवातच कडेलोटावरून करतो. बीसी ३३७ घ्यावा. आपल्याकडच्या कॉलेजांत ८०८५ च्या किटला स्टेपर जोडण्याच्या प्रयोगात धातूच्या टोपीचा एसएल १०० वापरत. तो सापडला तर तोही उत्तम.

बेसचा रेझिस्टर हा पहिला खरा निर्णय. पुस्तकात लिहिलेले असते की ट्रान्झिस्टर करंट शंभरपट, दोनशेपट करतो. म्हणून बेसला अर्धा मिलिअँपिअर पुरेल असा हिशेब करायचा मोह होतो. तो हिशेब ध्वनिवर्धकासाठी आहे. आपल्याला ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा हवा, म्हणून वीसपटच धरायचे: १०० मिलिअँपिअरला बेसमधून ५. पिनवर ५ व्होल्ट, त्यातले ०.७ बेस-एमिटर खातो, उरले ४.३. भागिले ५ मिलिअँपिअर, म्हणजे ८६० ओहम. बाजारात ८२० मिळतो, तो लावावा. ३.३ व्होल्टच्या ईएसपी ३२ या मायक्रोकंट्रोलरला हाच हिशेब ४७० च्या जवळ नेतो.

इथे काटकसर केली तर काय होते ते पाहण्यासारखे आहे. ८२० च्या जागी २२ हजार ओहम लावला, तर बेसला ०.२ मिलिअँपिअरच मिळतो. दोनशेपट झाला तरी कॉइलमधून ४० च्या आत. कॉइलवर २ व्होल्टही नाहीत, उरलेले ३ ट्रान्झिस्टरवर पडून आहेत. मोटर नुसती थरथरते, आणि पूर्ण उघडा असताना २० मिलिवॉटही न तापणारा ट्रान्झिस्टर आता सहापट तापतो. मोटरला मिळालेले कमी, ट्रान्झिस्टरला सोसावे लागले जास्त. १२ व्होल्टला अर्धा अँपिअर घेणारी मोटर असती तर अर्धवट उघड्या ट्रान्झिस्टरवर दीड वॉटपर्यंत उष्णता आली असती, आणि बीसी ३३७ ची मर्यादा ०.६२५ वॉट आहे.

तीही २५ अंशांच्या खोलीत. डेटाशीटवर हे छापलेले असते आणि तिकडे कोणी बघत नाही. बार्शीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याखाली, बंद डब्यात, मोटरच्या शेजारी ५५ अंश सहज होतात. २५ च्या वर प्रत्येक अंशाला या ट्रान्झिस्टरची मर्यादा ५ मिलिवॉटने उतरते, म्हणजे ५५ अंशांना ६२५ चे ४७५ उरले. सोलापूर जिल्ह्यात चालवायचे मंडळ सोलापूरच्या उन्हाळ्यासाठी आखले पाहिजे. वातानुकूलित प्रयोगशाळेत चाललेले यंत्र इथे दुपारी तीन वाजता रुसते, त्यामागे पुष्कळदा एवढेच असते.

चार ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर लावण्याऐवजी बहुतेक जण मोटरबरोबर मिळणारा यूएलएन २००३ चा हिरवा बोर्ड वापरतात. या चिपमध्ये ट्रान्झिस्टरच्या सात डार्लिंग्टन जोड्या आहेत. एका ट्रान्झिस्टरच्या एमिटरने दुसऱ्याचा बेस चालवायचा, ही युक्ती बेल लॅबमधल्या सिडनी डार्लिंग्टन यांची. १९५३ साली त्यांना तिचे पेटंट मिळाले. दोन ट्रान्झिस्टरची वाढ एकमेकींशी गुणली जाते, म्हणून पिनमधून अगदी थोडा करंट घेऊन ५०० मिलिअँपिअरपर्यंत काम होते. बेसचे रेझिस्टर आतच आहेत, डायोडही आतच आहेत. सोयीला तोड नाही. किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते: डार्लिंग्टन जोडी कितीही उघडली तरी १०० मिलिअँपिअरला ०.९ व्होल्ट स्वतःकडे ठेवते. १२ व्होल्टमधून ०.९ गेले तर जाणवत नाही. ५ मधून गेले की कॉइलला उरतात ४.१, करंट ८२ मिलिअँपिअर, आणि मोटरचा जोर जवळजवळ पाचवा हिस्सा कमी. ५ व्होल्टच्या मोटरबरोबर डार्लिंग्टन विकण्याची रीत मला म्हणून पटत नाही. शिकण्यासाठी बोर्ड ठीक. जोर पुरत नसेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्यावा.

माझी पसंती मॉसफेट या प्रकारच्या ट्रान्झिस्टरला आहे. त्याच्या गेटला स्थिर असताना करंट लागत नाही, फक्त व्होल्टेज लागते, आणि उघडल्यावर तो एखाद्या बारीक रेझिस्टरसारखा वागतो. ०.०५ ओहमच्या मॉसफेटवर १०० मिलिअँपिअरला ५ मिलिव्होल्ट पडतात. डार्लिंग्टनच्या ०.९ व्होल्टशी तुलनाच नाही. पण मॉसफेट निवडताना एक चूक अनुभवी माणसांकडूनही होते. डेटाशीटवर 'थ्रेशोल्ड १ ते २ व्होल्ट' असे वाचून ते खूश होतात की ३.३ व्होल्टला हा उघडणारच. थ्रेशोल्ड म्हणजे दार उघडल्याचे नव्हे, किलकिले झाल्याचे व्होल्टेज. त्या वेळी मॉसफेटमधून बहुधा पाव मिलिअँपिअरच वाहत असतो. बघायचे ते हे की पूर्ण उघडल्याचा रोध कोणत्या गेट-व्होल्टेजला हमी देऊन छापला आहे. आयआरएफ ५४० ला तो १० व्होल्टला आहे, म्हणजे मायक्रोकंट्रोलरच्या पिनला तो निरुपयोगी. आयआरएलझेड ४४एन ला ४ आणि ५ व्होल्टला हमी आहे. उनोला चालेल, ईएसपी ३२ ला छातीठोकपणे सांगता येणार नाही. एओ ३४०० ला २.५ व्होल्टलाही हमी आहे. तो मुंगीएवढा असतो आणि सोल्डर करायला हात स्थिर लागतो, पण ३.३ व्होल्टच्या जगात तोच घ्यावा.

मॉसफेटच्या गेटला ग्राउंडकडे १० हजार ओहमचा एक रेझिस्टर जोडायचा विसरू नये. वीज आल्यावर मायक्रोकंट्रोलर जागा होईपर्यंत त्याच्या पिना कोणाच्याच नसतात. तेवढ्या वेळात गेट तरंगत राहिला तर मॉसफेट अर्धवट उघडू शकतो, चारही कॉइल एकदम चालू होऊ शकतात. हा रेझिस्टर सांगतो की कोणी काही सांगत नसेल तेव्हा बंद राहायचे.

आणि बंद करण्याचाच प्रश्न आता घेऊ. पिठाच्या गिरणीचे बटण बंद केले तरी तिचे जड चाक फिरतच राहते. कॉइलमधल्या करंटचे तसेच आहे. कॉइलभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते आणि ती संपल्याशिवाय करंट थांबायला तयार होत नाही. आपण ट्रान्झिस्टर बंद केला की करंटची वाट अडते. कॉइल मग आपले व्होल्टेज चढवत नेते, कुठून तरी वाट फुटेपर्यंत. १० मिलिहेन्रीची कॉइल, अर्धा अँपिअर, आणि तो एका मायक्रोसेकंदात तोडला, तर गणिताने येणारे व्होल्टेज ५००० आहे. प्रत्यक्षात तिथपर्यंत जात नाही, कारण त्याआधी ४५ व्होल्टचा बीसी ३३७ मोडतो आणि करंट त्याच्यातूनच वाट काढतो. साठलेली ऊर्जा तशी क्षुल्लक, सव्वा मिलिज्यूल. पण ती दर पावलाला एकदा त्याच बारीक तुकड्यावर पडते. असा ट्रान्झिस्टर बऱ्याचदा लगेच जात नाही. शेकडो, हजारो पावले सोसून मग एके दिवशी जातो, आणि काल चालणारे आज का बंद पडले हे कोणाला कळत नाही.

उपाय साधा आहे. कॉइलला समांतर एक डायोड, उलट्या दिशेने. मोटर चालू असताना तो गप्प असतो. ट्रान्झिस्टर बंद झाला आणि कॉइलचे खालचे टोक पुरवठ्याच्या वर चढू लागले की ०.७ व्होल्ट वर जाताच डायोड उघडतो आणि करंट कॉइलमध्येच गोल फिरून जिरतो. १एन ४००७ इथे पुरतो. यूएलएन २००३ मध्ये हे डायोड आहेतच, पण ते सगळे ९ नंबरच्या पिनवर एकत्र आणलेले आहेत आणि ती पिन मोटरच्या पुरवठ्याला जोडली तरच त्यांना अर्थ आहे. ब्रेडबोर्डवर नुसती चिप वापरताना ९ नंबर मोकळा सोडलेला दिसतो; मोटर तशीही फिरते, म्हणून चूक लपून राहते.

डायोडने ट्रान्झिस्टर वाचला, पण वेळ गेला. करंट जिरायला कॉइलचे इंडक्टन्स भागिले रोध इतक्या मापाचा वेळ लागतो. १० मिलिहेन्री आणि १० ओहमला तो १ मिलिसेकंद, आणि करंट खरोखर मेला म्हणायला त्याच्या तीन-चार पट. सेकंदाला हजार पावले टाकायची असतील तर एका पावलाला मिळतो तेवढाच, १ मिलिसेकंद. म्हणजे पुढची कॉइल ओढू लागली तरी मागची अजून सोडत नाही, रोटर दोघींच्या ओढाताणीत सापडतो आणि पावले चुकतात. लोक म्हणतात मोटरला वेग झेपत नाही. खरे तर ड्रायव्हर तिला वेळेत सोडत नाही. इथे डायोडला मालेत एक झेनर डायोड जोडतात. १२ व्होल्टचा पुरवठा आणि २४ व्होल्टचा झेनर असेल तर कॉइलचे टोक पावणेसदतीस व्होल्टपर्यंत चढू दिले जाते, तेवढ्या उलट्या दाबाखाली करंट पटकन मरतो. त्यासाठी ट्रान्झिस्टर ६० व्होल्टचा घ्यायचा.

मधून तार काढलेल्या मोटरीत आणखी एक गुंता आहे. एका गुंडाळीचे दोन अर्धे एकाच लोखंडावर आहेत, म्हणून ते ट्रान्सफॉर्मरसारखे बांधलेले असतात. एक टोक १२ व्होल्टवरून शून्यावर ओढले की दुसरे टोक २४ कडे उसळी घेते. पहिले सोडल्यावर ते वर उसळते तेव्हा दुसरे खाली जाते, कधी कधी शून्याच्याही खाली. मॉसफेटच्या पोटात उलटा डायोड जन्मतःच असतो, तो हे खाली जाणे झेलतो. साध्या ट्रान्झिस्टरला कलेक्टर-एमिटरच्या मधे वेगळा डायोड द्यावा. आणि ट्रान्झिस्टर निवडताना त्याची व्होल्टेज-मर्यादा पुरवठ्याच्या दुपटीहून बरीच वर असावी.

डायोडमधून परतणारा करंट पुरवठ्याच्या तारेवर येतो. तार लांब, पातळ असेल तर त्या तारेवरच व्होल्टेज उड्या मारते. ड्रायव्हरपाशी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवावा. ग्राउंडच्या बाबतीतही असेच: मोटरचा परतीचा करंट आणि मायक्रोकंट्रोलरचे ग्राउंड एकाच केसाएवढ्या तारेतून गेले, तर प्रत्येक पावलाला मायक्रोकंट्रोलरच्या पायाखालची जमीनच हलते, आणि तो मधूनच नव्याने सुरू होतो. दोघांच्या तारा वेगवेगळ्या नेऊन पुरवठ्याच्या टोकाशीच एकत्र कराव्यात. मोटरला मायक्रोकंट्रोलरच्या बोर्डवरच्या ५ व्होल्टमधून पोसू नये.

आता आपल्या सिरिंजच्या मंद वेगाकडे येऊ. सेकंदाला चार पावले म्हणजे दोन पावलांत जवळजवळ पाव सेकंद. स्टेपर मोटर उभी असतानाही पूर्ण करंट घेते. जास्त जोरासाठी दोन कॉइल एकदम चालू ठेवल्या तर ५ व्होल्टला २०० मिलिअँपिअर, १ वॉट, तासन्‌तास, नुसते उभे राहण्यासाठी. मोटर तापते, डबा तापतो, बॅटरीवर असेल तर बॅटरी उतरते. आपल्याकडे गिअर आणि आटेदार रॉड असल्यामुळे दट्ट्या उलटा ढकलून मोटर फिरवता येत नाही. म्हणून पाऊल पडल्यावर कॉइल सरळ बंद करून टाकाव्यात. दर पावलाला २० मिलिसेकंद करंट दिला तरी पुरतो, आणि सरासरी करंट दहाव्या हिश्शाच्याही खाली येतो. यात एक बारकावा आहे. कॉइल सोडल्यावर रोटर त्याच्या चुंबकाच्या नैसर्गिक जागी थोडा सरकून बसतो. पुढचे पाऊल टाकण्याआधी मागचीच कॉइल क्षणभर चालू करून रोटरला त्याच्या जागी आणावे, मग पुढची. हे न करता थेट पुढच्या कॉइलवर उडी मारली तर एखादे पाऊल मागेही पडू शकते, आणि पावले मोजणारा प्रोग्राम खुशाल एक पुढे मोजतो.

प्रोग्राम अडकला तर? मायक्रोकंट्रोलर नेमका कॉइल चालू असताना गोठला, तर ती चालूच राहते. म्हणून चिपमधला वॉचडॉग टायमर चालू करावा. प्रोग्रामने ठरावीक वेळेत त्याची दखल घेतली नाही की तो मायक्रोकंट्रोलरला पुन्हा सुरू करतो, पिना क्षणभर मोकळ्या होतात आणि गेटवरचा तो १० हजारांचा रेझिस्टर चारही मॉसफेट बंद करतो.

थ्रीडी प्रिंटरसारख्या यंत्रांत चार तारांच्या मोटरी असतात. त्यांना मधली तार नसते, म्हणून करंट दोन्ही दिशांनी फिरवायला प्रत्येक कॉइलला चार ट्रान्झिस्टरांचा पूल लागतो. एका बाजूचे वरचे आणि खालचे ट्रान्झिस्टर एकाच वेळी उघडे राहिले तर पुरवठा सरळ ग्राउंडला मिळतो. एकाला बंद व्हायला पूर्ण वेळ दिल्याशिवाय दुसऱ्याला चालू करायचे नाही. नेमा १७ आकाराच्या एका नेहमीच्या मोटरीची कॉइल दीड ओहम, २.८ मिलिहेन्री आणि १.७ अँपिअरची असते. हिशेबाने तिला अडीच व्होल्ट पुरतील, पण अडीच व्होल्टवर करंट चढायला कित्येक मिलिसेकंद लागतात. म्हणून तिला २४ व्होल्ट देतात; करंट ०.२ मिलिसेकंदांत १.७ अँपिअरवर पोचतो, आणि तिथे पोचताच ड्रायव्हर तो तोडतो, जरा उतरला की पुन्हा जोडतो, सेकंदाला हजारो वेळा. ए ४९८८ सारख्या चिपा हे आपणहून करतात. करंटची मर्यादा बोर्डवरच्या छोट्या स्क्रूने ठरवायची असते. तो न फिरवताच मोटर जोडणारे पुष्कळ. आणि वीज चालू असताना मोटरची तार कधीही उपसू नये: त्या क्षणी कॉइलचा सगळा हट्ट चिपवर येतो.

इथवर 'बंद' म्हणजे सुरक्षित असे आपण धरून चाललो. ते सिरिंजपुरते खरे आहे. वीज गेली, चारही ट्रान्झिस्टर बंद झाले, आटेदार रॉडने दट्ट्या जागच्या जागी धरला. पाणी थांबले, कोणाचे नुकसान नाही. इरिडियमच्या यंत्रात हेच घडले तर किरणोत्सारी तुकडा रुग्णाच्या शरीरात जिथे असेल तिथे अडकून राहील. नवा तुकडा १० क्युरीच्या आसपास असतो. तिथे एकेक सेकंद मोजला जातो. म्हणून त्या यंत्रांत तार मागे ओढायला वेगळी मोटर आणि तिची स्वतःची बॅटरी असते. वीज गेली की ती आपणहून तार तिजोरीत ओढते, आणि तीही चालली नाही तर हाताने फिरवायचा दांडा असतो. खरी तार जाण्याआधी नळीत एक कोरी तार पाठवून वाट मोकळी असल्याची खात्रीही केली जाते. त्यामुळे कोणताही ड्रायव्हर आखायला बसताना, ट्रान्झिस्टरचा नंबर शोधण्याच्याही आधी, कागदावर लिहून काढावे की वीज गेल्यावर यंत्राचा कोणता भाग कुठे असेल आणि तिथे असणे चालेल का.

मंडळ जोडून झाल्यावर मोटर फिरली म्हणजे काम संपले नाही. कॉइल चालू ठेवून मल्टिमीटरने ट्रान्झिस्टरवरचे व्होल्टेज बघावे: मॉसफेटवर काही मिलिव्होल्ट, साध्या ट्रान्झिस्टरवर ०.२ च्या आसपास, डार्लिंग्टनवर १ च्या जवळ. त्याहून बरेच जास्त असेल तर तो अर्धवट उघडा आहे, बेसचा रेझिस्टर किंवा गेटचे व्होल्टेज तपासावे. कॉलेजात ऑसिलोस्कोप मिळाला तर कलेक्टरवर लावून बंद होतानाची उसळी किती व्होल्टपर्यंत जाते ते पाहावे, आणि ती ट्रान्झिस्टरच्या मर्यादेच्या बरीच खाली आहे ना याची खात्री करावी. डबा बंद करून भर दुपारी तासभर चालवावे आणि मग तापमान मोजावे. शेवटी सिरिंजमधून पडलेले पाणी वजनकाट्यावर घ्यावे. १ मिलिलिटरला १ ग्रॅम. साडेपंधरा हजार पावलांनंतर काटा ०.९ दाखवत असेल तर पावले चुकत आहेत. कोणत्या वेगाला चुकायला लागतात ते शोधून त्याच्या निम्म्यावर यंत्र चालवावे.